चौलला उतरला, दाभोळहून निघाला

वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्याच्या आधी पंचवीस-तीस वर्षं एक रशियन व्यापारी आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उतरला होता. पाठीशी राजा नाही, आरमार नाही, तोफा नाहीत. बरोबर एक घोडा. नाव अफानासी निकितिन, गाव व्होल्गा नदीवरचं त्वेर. चौलला उतरून तो घाटावर गेला, जुन्नर पाहिलं, बीदरला राहिला आणि परतीचं जहाज त्याने पकडलं ते दाभोळला, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात. वाटेत जे दिसलं, जे सोसलं, ते लिहून ठेवलं. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ते लिखाण जगाला माहीत आहे. हे तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, आपला हिंदी महासागर आणि काळा समुद्र. रशियात शाळकरी मुलांनाही निकितिन ठाऊक असतो. ज्या किनाऱ्याचं त्याने वर्णन केलं त्या किनाऱ्यावर मात्र तो फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ही उणीव भरून निघावी असं मला मनापासून वाटतं.

तो भारतात यायला निघालाच नव्हता. कॅस्पियनच्या काठच्या शिरवान राज्याचा वकील मॉस्कोहून नव्वद शिकारी ससाणे घेऊन परत चालला होता. त्याच्या सोबतीने व्होल्गा उतरून व्यापार करून यावं, एवढाच बेत. अस्त्राखानजवळ तातारांनी जहाजं लुटली, माल गेला. पुढे ही व्यापारी मंडळी पांगली. ज्यांचं रशियात काही शिल्लक होतं ते रशियाला परतले आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले, असं तो सांगतो. निकितिन दुसऱ्या गटातला. देर्बेंत, बाकू, मग इराणातली एकेक शहरं, असं करत तो होर्मूझला आला. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत आणि तिथे घोड्याला मोल फार. त्याने एक घोडा घेतला आणि घोडे वाहून नेणाऱ्या जहाजावर चढला.

या एका घोड्यामागे मोठा व्यापार होता. दख्खनमध्ये बहामनी आणि विजयनगर यांची झुंज चालू होती, आणि दोन्हीकडच्या फौजांना अरबी, इराणी घोडे हवे असत. दख्खनमध्ये तेव्हा चांगल्या लढाऊ घोड्यांची पैदास फारशी होत नसे, म्हणून दरवर्षी समुद्रावरून नवे घोडे आणावे लागत. चौल आणि दाभोळ ही दोन्ही बंदरं या व्यापारावर पोसली गेली होती. निकितिनच्या हिशोबाने त्याचा घोडा जुन्नरपर्यंत आणायला शंभर रूबल पडले. कर्जात बुडालेल्या माणसाने सगळी आशा त्या जनावरावर लावली होती.

मस्कत, दीव, खंबायत करत जहाज चौलला लागलं. साल १४६९च्या आसपासचं. अभ्यासकांत दोन वर्षांचा फरक आहे, कोणी १४७१ धरतात. चौल त्या वेळीही नवं नव्हतं. कुंडलिकेच्या मुखावरच्या या बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत आहे, आणि दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला होता. परका माणूस दिसणं ही चौलची रोजची गोष्ट असणार. तरीही निकितिन लिहितो की मी जिथे जाई तिथे मागोमाग पुष्कळ लोक येत आणि गोऱ्या माणसाकडे नवलाने बघत.

मला त्याच्या साऱ्या लिखाणात हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. परक्या गावात पहिल्या दिवशी एकटा हिंडणारा माणूस काय काय पाहिलं ते सांगतो. लोक आपल्याकडे कसे बघत होते हे क्वचितच सांगतो. पुढच्या शतकात या किनाऱ्यावर आलेले पोर्तुगीज तोफांच्या आडून बघत होते, त्यामुळे त्यांच्या वर्णनात बघणारे नेहमी तेच असतात. निकितिन एकटा होता. त्याची भाषा बोलणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं. तो गाव बघत होता आणि गाव त्याला बघत होतं, आणि त्याने दोन्ही लिहिलं.

त्या गर्दीत त्याला दिसलं काय? तर माणसं अंगात काही घालत नाहीत. डोकं उघडं, छाती उघडी, केसांची एकच वेणी. बायापुरुष सगळे सावळे. पोरं पुष्कळ. इथल्या सरदाराच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक, बाकीच्या मोठ्या माणसांचं एक खांद्यावर आणि एक कमरेला. त्यांचे हुजरे अनवाणी, बळकट, हातात ढाल-तलवार नाही तर धनुष्यबाण. एवढंच. देवळाचं नाव नाही, बाजाराचं वर्णन नाही, बंदरात किती जहाजं होती तेही नाही. पहिल्या दिवसाची नजर कपड्यांवर आणि कातडीवर अडकली.

पण त्याच्या उघड्या अंगांच्या वर्णनाला नाक मुरडण्याआधी महिना बघावा. चौल सोडलं ते ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात, असं तो नोंदवतो. म्हणजे मे सरत आलेला. त्या दिवसांत अष्टागरात, म्हणजे चौलच्या परिसरात, जो उकाडा असतो, पाऊस तोंडावर आणि वारा पडलेला, त्यात आजही घरातला म्हातारा पंचा नेसून ओटीवर बसतो. बर्फाच्या देशातून आलेल्या माणसाला ती गरिबी वाटली की रानटीपणा, हे त्याने लिहिलेलं नाही. नुसतं दिसलं ते टिपलं, आणि हा संयम त्याच्या बाजूने मोजायला हवा.

चौलहून पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा, तिथून जुन्नरला सहा, असा त्याचा खुष्कीचा हिशोब. यातली पाली म्हणजे बहुधा रायगड जिल्ह्यातलीच. आज चौलहून पाली काही तासांवर आहे. सह्याद्री चढून तो जुन्नरला पोहोचला तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि रशियन माणसाने त्या पावसाळ्याला हिवाळा म्हटलं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, हे त्याला अजब वाटलं. त्याच्या देशात वाईट हवेच्या महिन्यांत शेत झोपतं. इथे तेव्हाच जागं होतं. जुन्नरचं ठाणं खडकावर वसलेलं, कोणी बांधलेलं नाही, देवानेच केलेलं, आणि वर जायची वाट अशी की एका वेळी एकच माणूस चढेल, असंही तो लिहितो. शिवनेरी चढलेल्या कोणालाही हे वाचून ओळख पटेल. घोड्यांना हरभरा आणि साखर घातलेली खिचडी खायला देतात, हीसुद्धा त्याचीच नोंद. पंधराव्या शतकातल्या रशियन कागदावर आपली खिचडी अशी जाऊन बसली आहे.

जुन्नरलाच त्याच्यावर संकट आलं. तिथला अंमल ज्याच्याकडे होता त्या असदखानाने घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, हे कळल्यावर खानाने अट घातली: धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी, नाही बदललास तर घोडाही जाईल आणि तुझ्या डोक्यासाठी हजार नाणी मी घेईन. मुदत चार दिवसांची. सुदैवाने ख्वाजा मुहम्मद नावाचा खुरासानी गृहस्थ गावात आला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. निकितिनने तो देवाचा चमत्कार मानला. परमुलखात ज्याला राज्याचं पाठबळ नाही, त्याची सारी भिस्त अशा एखाद्या भल्या परक्यावरच असते.

पुढे बहामनींच्या राजधानीत, बीदरला, तो बराच काळ राहिला. महमूद गवान तेव्हा बहामनी दरबारात सर्वेसर्वा होता. व्यापाऱ्यांचा प्रमुख अशा अर्थाच्या त्याच्या पदवीनेच निकितिन त्याला ओळखतो. घोडा अखेर तिथेच विकला गेला. निकितिनने खुरासानचा ख्वाजा युसुफ असं नाव घेतलं होतं. पण हिंदूंशी ओळख वाढल्यावर आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, हे त्याने त्यांना सांगून टाकलं. त्यानंतर ते त्याच्यापासून खाणंपिणं, पूजाअर्चा, घरातल्या बायका, काही लपवेनासे झाले. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. चौलच्या पहिल्या दिवशी त्याला उघडी अंगं दिसली होती. इथे त्याने पंथ विचारले, कोण कोणाबरोबर जेवत नाही ते विचारलं, दिवसातून किती वेळा जेवतात ते विचारलं. एका जागी मुक्काम करून आणि आपली खरी ओळख देऊन त्याने ही माहिती मिळवली, आणि म्हणून ती पहिल्या दिवसाच्या टिपणांपेक्षा कितीतरी भारी आहे.

एकटेपणाची त्याला सर्वांत जास्त झळ बसली ती सणावारांत. धर्मग्रंथ लुटीत गेले होते. ईस्टर कधी, उपवास कधी, हे सांगणारं कोणी नाही. तो आकाशातल्या ताऱ्यांवरून आणि मुसलमानांच्या सणांवरून अंदाज बांधत राहिला. शेजारी सारे आपापले सण साजरे करत असताना आपल्या सणाचा दिवसच माहीत नसणं, हे दुःख दिवाळीत परदेशी असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला कळेल. त्या भागात त्याची भाषाही बदलते. तुर्की, फारसी, अरबी मिसळलेल्या व्यापारी बोलीत तो प्रार्थना लिहितो. मायदेशात न्याय थोडा असला तरी त्या भूमीसारखी दुसरी भूमी नाही, असं जे मनातलं बोलायचं तेही त्याच बोलीत.

शेवटी घरची ओढ लागली आणि तो दाभोळला आला. हे फार मोठं शहर आहे, असं त्याने लिहिलं. हिंदी आणि हबशी किनाऱ्यावरचे लोक इथे जमतात. मिसर, अरबस्तान, खुरासानहून घोडे येतात. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर थेट बीदरच्या राज्याचं दार होतं. निकितिनने होर्मूझपर्यंतचं भाडं ठरवलं: माणशी दोन सोन्याची नाणी. ईस्टरच्या तीन महिने आधी, म्हणजे ऐन थंडीत, जहाज सुटलं. महिनाभर पाण्याशिवाय काही दिसलं नाही आणि मग दिसले ते आफ्रिकेचे डोंगर. जहाज भरकटलं होतं. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी देऊन त्यांनी लूट टाळली. मग मस्कत, होर्मूझ, इराण, त्रेबिझोंद, काळा समुद्र, क्रिमियातलं काफा. त्वेर त्याने पुन्हा पाहिलं नाही. स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. वह्या मात्र मॉस्कोला गेल्या, इतिवृत्तात उतरवल्या गेल्या आणि साडेतीनशे वर्षांनी इतिहासकार करमझिनच्या हाती लागल्या.

निकितिनने पाहिलेलं दाभोळ फार दिवस टिकलं नाही. १५०८च्या मार्चमध्ये चौलच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज विजरई आल्मेदाचा मुलगा पडला. सूडाने पेटलेल्या बापाने त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं आणि कत्तल केली. गाव पुन्हा उभं राहिलं, आदिलशाहीत पुन्हा नांदलं. किनाऱ्यावरची घुमटाची देखणी मशीद त्या उत्तरकाळातली. पण सुरतेचा आणि पुढे मुंबईचा व्यापार वाढला तसं दाभोळ मागे पडलं ते पडलंच. म्हणूनच या रशियन माणसाच्या चार ओळींना वजन आहे. पोर्तुगीज यायच्या आधीचं, भरभराटीतलं दाभोळ डोळ्यांनी पाहून लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्याची आठवण कोणी ठेवलीच नाही असं नाही. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट केला. ओलेग स्त्रिझेनोव निकितिन झाला होता आणि नायिका नर्गिस. त्वेरला व्होल्गाकाठी १९५५ पासून त्याचा पुतळा आहे. आपल्याकडे चौलला लागून असलेल्या रेवदंड्यात शाळेच्या आवारात २००२ साली त्याचं स्मारक उभं राहिलं. मराठी वाचकांपर्यंत मात्र त्याचा शब्द पोहोचायला हवा. महाराष्ट्राच्या भूमीचं, तिच्या पावसाचं, शेताचं आणि स्वयंपाकघराचं इतकं जुनं, सत्तेविना लिहिलेलं वर्णन आपल्या शाळांत वाचलं गेलं पाहिजे. रत्नागिरी आणि रायगडच्या मुलांना तरी ते स्थानिक इतिहास म्हणून शिकवलं जावं.

आणि ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत चौल ते दाभोळ हा किनारा एकट्याने करून बघावा. रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूड, आगरदांडा ते दिघी फेरीबोट, श्रीवर्धन, बागमांडला ते वेसवी पुन्हा फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले, दापोली आणि तिथून दाभोळ. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट गाड्यांसकट खाडी पार करून देते. गुहागरकडे जायचं तर तीच घ्यावी. कुठल्या तरी एका गावात दोन रात्री तरी थांबा, कोण-कुठले विचारलं तर खरं सांगा आणि रोज संध्याकाळी पाहिलेलं त्याच दिवशी लिहून काढा.