उघड्या कागदावरची वजाबाकी

पडून राहिलेली जुनी गाडी बघायला जाताना एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते. गाडी आज कशी दिसते यावर भाव काढायचा नाही. ती नीट दुरुस्त होऊन उभी राहिली तर बाजारात कितीला जाईल ते धरायचं आणि तिथवर पोचायचा खर्च त्यातून वजा करायचा. उरेल तो भाव. हिशेब इतकाच आहे, पण यातला प्रत्येक आकडा गाडीखाली झोपून, हात काळे करून मिळवावा लागतो.

सांगलीच्या गावभागातली एक फियाट बघायला मी असाच गेलो होतो. ११०० डिलाइट, १९६७ची. वाड्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडखाली, चारही चाकं बसलेल्या अवस्थेत उभी. गाडी होती निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंच्या यजमानांची. ते गेल्यापासून ती हलली नव्हती. घ्यायची होती माझ्या एका तरुण मित्राला. बरोबर मिरजेचे एक मिस्त्री होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात फियाटखेरीज फारशा दुसऱ्या गाडीला पाना लावलेला नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गाडी घरचीच. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या तयार होऊ लागल्या. पुढून गोल नाकाची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती आधी आली. डिलाइट १९६४ची. हिचंच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी असं नाव झालं, आणि पद्मिनी थेट २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत राहिली. भाव काढताना या वंशावळीला पैशातली किंमत आहे. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांचे पुष्कळसे भाग पद्मिनीशी जुळतात, आणि पद्मिनी मुंबईत अनेक दशकं टॅक्सी म्हणून धावली. त्यामुळे यांत्रिक सामान अजून शोधलं तर सापडतं. मात्र डिलाइटची जाळी, तिच्या क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा हे सामान तितकं सहज मिळत नाही. म्हणून जुन्या गाडीत मोडलेल्या भागापेक्षा हरवलेला भाग महाग पडतो. मोडलेला दुरुस्त होतो, निदान नमुना म्हणून तरी हाताशी असतो. हरवलेल्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारापासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत फिरावं लागतं आणि समोरचा सांगेल ते मोजावे लागतात.

मित्र आल्या आल्या बोनेट उघडायला निघाला. मिस्त्रींनी त्याला थांबवलं. "इंजिनचं काय घेऊन बसलाय? ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं की बोअर करून मिळतंय. आधी पत्रा बघू."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसीस नाही. तळ, दारांखालची पोकळ सिल, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. सिल आणि तळ सडले म्हणजे गाडीचं हाडच गेलं. त्यांनी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवरून, मडगार्डवरून, डिकीच्या झाकणावरून फिरवलं. जिथे ते चिकटलं नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली होती. पुढच्या डाव्या मडगार्डवर वीतभर जागा अशी निघाली, म्हणजे तिथे केव्हातरी ठोकर बसली होती. मग पायाखालची रबरी मॅट उचलली. ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा बोटाने दाबला तर दबला. खालून स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर तो आरपार गेला. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला अडकतात त्या जागा मात्र वाजवून पाहिल्यावर खणखणीत निघाल्या. शेवटी जॅक लावून एक कोपरा वर घेतला आणि दार उघडून लावून पाहिलं. सांगाडा कमजोर असेल तर तो वाकतो, दाराची फट बदलते आणि दार अडकतं. इथे दार सहज लागलं. मिस्त्रींनी पहिल्यांदा मान डोलावली. तळाचे दोन तुकडे आणि एक सिल बदलायची होती, पण हाड शाबूत होतं.

याच ठिकाणी कोकणातली गाडी आणि घाटावरची गाडी वेगळी होते. खाऱ्या हवेत उभी असलेली फियाट वरून चकचकीत दिसत असली तरी आतून पोखरलेली असू शकते, आणि कोरड्या हवेत धूळ खात पडलेली कळकट गाडी आतून ठणठणीत निघू शकते. सांगली कोरड्या भागात येते, पण तिथे कृष्णा आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी शिरलं होतं. काकू म्हणाल्या, "पाणी शेडपर्यंत आलं होतं, गाडीत गेलं की नाही ते मला सांगता यायचं नाही. आम्ही तेव्हा विश्रामबागला बहिणीकडे होतो."

त्यांनी जे माहीत होतं तेच सांगितलं, बाकीचं गाडीने सांगितलं. पुराचं पाणी धुऊन काढता येतं, पण ज्या फटींत हात जात नाही तिथे गाळ राहतो. मागची सीट उचलल्यावर खालच्या खोबणीत वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर एका उंचीपर्यंत डाग होता. हेडलाइटच्या वाट्या आणि डॅशबोर्डच्या मागची वायर मात्र स्वच्छ होती. म्हणजे पाणी सीटच्या बैठकीच्या खाली थांबलं होतं. मीटर वाचले होते. पण गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि ब्रेकचे ड्रम बुडाले होते, म्हणून हे सगळं उघडायचा खर्च धरणं भाग होतं.

यानंतर इंजिनाची पाळी. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं हे इंजिन साधं आणि चिवट आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं आत पाणी साचून राहिलं तर हे हेड पाण्याच्या वाटांपाशी खाल्लं जातं. रेडिएटरमधलं पाणी केव्हाच आटलं होतं, आत तांबडा गाळ होता. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं, आम्ही चहा-पोहे होईपर्यंत थांबलो आणि मग मिस्त्रींनी क्रँकच्या पुलीला पाना लावला. आधी काहीच नाही. मग जरा मागे, जरा पुढे करत इंजिन अर्धा फेरा फिरलं. जॅम नव्हतं. तरी त्यांनी खर्चात पूर्ण ओव्हरहॉल धरलं. फिरलेलं इंजिन चालेल असं धरून हिशेब करणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं, आणि अजून न उघडलेलं इंजिन मेलंय असं सांगणं म्हणजे विकणाऱ्याला.

इंजिन नंबर आणि चेसीस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. याला फार महत्त्व आहे, कारण एके काळी पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक फियाटींत डिझेल इंजिनं बसवली गेली. ज्या गाडीत मूळ इंजिन आहे तिची किंमत शौकिनांच्या लेखी वेगळीच.

कागदपत्रांत खरी गुंतागुंत निघते. आरसी काकूंच्या यजमानांच्या नावावर, मुदत केव्हाच संपलेली, नंबर जुना तीन अक्षरांचा. असे नंबर पुष्कळदा संगणकावरच्या नोंदीत नसतात, आरटीओत जुन्या रजिस्टरवरून नोंद करून घ्यावी लागते. मालक हयात नसल्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मुलांची संमती जोडायची, आणि त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर विक्री. मुदतवाढीसाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि चालत नसलेली गाडी नेणार कशी? म्हणजे आधी दुरुस्ती, मग कागद, आणि तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकलेले. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची वेगळी वाट दिली आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, ती १० वर्षं चालते आणि नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मित्राला ती रविवारी आईला घेऊन औदुंबरला न्यायची होती, त्यामुळे नेहमीचीच नोंदणी पुढे चालू ठेवायचं ठरलं.

मग ओटीवर बसून वहीचा एक कागद घेतला आणि काकूंच्या समोरच आकडे मांडले. त्यांच्या भाच्याने प्रदर्शनातल्या एका झळझळीत डिलाइटचा फोटो पाठवून "तीन लाखांच्या खाली सोडू नकोस" असं बजावलं होतं. माझा मित्र मनात ४०,००० धरून आला होता. मिस्त्रींनी आणि मी पहिला आकडा लिहिला तो अशी गाडी चांगली करून झाल्यावर आमच्या माहितीत प्रत्यक्ष ज्या भावाला गेली होती त्याचा: ४,५०,०००. लोक जाहिरातीत मागतात तो आकडा आम्ही धरला नाही. मागायला कोण काहीही मागतं. व्यवहार होऊन हातात पडतात ते पैसे खरे.

त्याखाली खर्च. पत्रा आणि रंग १,५०,०००. इंजिन आणि गिअरबॉक्स ६५,०००. ब्रेक, सस्पेन्शन, टायर ४५,०००. सीट, काचा, रबर ३५,०००. हरवलेलं सामान आणि क्रोम २०,०००. वायरिंग १५,०००. कागदपत्रं १०,०००. बेरीज ३,४०,०००. उघडल्यावर जे काही निघेल त्यासाठी वर दहावा हिस्सा, ३४,०००. एकूण ३,७४,०००. वजा जाता उरले ७६,०००.

या आकड्याची दोन बाजूंनी खातरजमा केली. साधारण ९०० किलोची गाडी भंगारात द्यायची तर त्या वेळच्या भावाने पंचवीस-तीस हजार येत होते. त्याखाली कुणी मागितली तर ती सरळ लूट. आणि सुटे भाग करून विकली, तर मूळ इंजिन, काचा, दारं, मीटर मिळून साठ हजारांच्या आसपास जातील असा मिस्त्रींचा अंदाज. उभी गाडी तिच्या तुकड्यांपेक्षा स्वस्त असता कामा नये, नाहीतर ती तोडणाऱ्याच्याच हाती लागते.

काकूंनी कागद बराच वेळ वाचला. पत्र्याच्या आकड्यावर बोट ठेवून "एवढे?" विचारलं. मिस्त्री त्यांना गाडीपाशी घेऊन गेले आणि मॅट उचलून दाखवली. "बाई, हे बघा. इथं पाय ठेवला तर रस्त्याला लागंल." त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या ह्यांनी या गाडीवर किती जीव लावला होता, ते या कागदावर कुठे आलं?"

प्रश्न खरा होता आणि तो टाळणं बरोबर नव्हतं. मी म्हटलं, "काकू, पैशात ते मांडता येणार नाही. ते मांडायचं तर गाडी कुणाला द्यायची हे तुम्ही ठरवा." त्यांनी अट घातली, गाडी तोडायची नाही आणि नंबर बदलायचा नाही. ७५,००० वर व्यवहार ठरला. ५०,००० लगेच, २५,००० नावावर झाल्यावर. कागदांचा धोका दोघांत वाटून घ्यायचा तो असा, कारण वारसाच्या सह्या काकूंच्या हातात होत्या आणि आरटीओच्या खेपा मित्राच्या.

भाव पाडून घेणं सोपं असतं. एकटी बाई, बंद गाडी, शेडची जागा मोकळी करायची घाई, एवढं दिसलं की बाजारात निम्म्याने मागणारे भेटतात. पण महाराष्ट्रभर वाड्यांच्या मागे, चाळींच्या कडेला मरून पडलेल्या फियाटी मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ कमी भावापायी मेलेल्या नाहीत. मालकाने प्रदर्शनातल्या गाडीचा आकडा धरून ठेवला, घेणारे हसून परत गेले, आणि दरम्यान प्रत्येक पावसाळ्याने तळाचा आणखी थोडा पत्रा खाल्ला. ज्या वर्षी मालक खाली आला, त्या वर्षी घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ज्या फियाटी उरल्या त्या घराघरांतल्याच, आणि त्या वाचायच्या तर वेळेत योग्य हाती जायला हव्यात. गाडी विकायची असेल तर आधी एखाद्या चांगल्या मिस्त्रीला पाचशे-हजार देऊन तिच्याखाली झोपवा आणि खर्च लिहून घ्या. घ्यायची असेल तर आपला कागद विकणाऱ्यासमोर उघडा ठेवा. दोघांनाही तीच वजाबाकी दिसत असेल, तर घासाघीस फार तर हजार-दोन हजारांची उरते, आणि गाडी पुढच्या पावसाळ्याआधी शेडबाहेर पडते.