मेणवलीचा वाडा : दप्तराचें घर

मेणवली हें नांव आपल्या वाचकांस दप्तरामुळें ठाऊक आहे. नाना फडणिसांच्या कागदांचा तो संच रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या उद्योगानें अभ्यासकांच्या हातीं आला, आणि पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. कागद वांचले. ते ज्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्याच्याकडे मात्र आम्हां कागदवेड्यांचें लक्ष क्वचितच गेलें. तो वाडा कसा रचला आहे व त्याचें रक्षण म्हणजे नेमकें काय, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

वाईपासून सुमारें एका कोसावर, कृष्णेच्या कांठीं हा गांव आहे. भवानराव त्र्यंबक प्रतिनिधि व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून १७६८ मध्यें तो नानांस इनाम मिळाला. पुढें नानांनीं तेथें वाडा, घाट व देवळें उभारिलीं. नाना १८०० मध्यें वारले. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नी जिऊबाई येथें राहिल्या. घाटावरील देवळापाशीं टांगलेली घंटा वसईच्या फिरंगी देवळांतली. तिच्यावर बाळ येशूसह मरियमची आकृति व १७०७ हें साल आहे. वसई १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं घेतली. २००४ मधील ‘स्वदेस’ या चित्रपटांत हा घाट दिसल्यापासून पुष्कळ लोक तो पाहावयास येतात. घंटेवरील साल वाचण्यासाठीं थांबणारा विरळा.

वाडा सहा चौकांचा आहे. बाहेरून पाहतां जाड, उंच, जवळजवळ बिनखिडक्यांची भिंत. आंत शिरल्यावर उजेड सारा चौकांतून येतो. अशा वाड्याची मोजणी हातांनीं किंवा गजांनीं न करितां खणांनीं करितात. दोन खांबांमधलें अंतर तो खण. सोपा पांच खणी कीं सात खणी एवढें सांगितलें म्हणजे जाणत्यास घरधन्याची ऐपत कळे. घडीव काळ्या दगडाचें जोतें, त्यावर तळखडा, तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर हस्त व तुळई, आणि तिच्यावर कडीपाट : वरचा भार मुख्यत्वें या सांगाड्यानें जोत्यापर्यंत पोंचतो. मधल्या कच्च्या विटांच्या व पांढऱ्या मातीच्या भिंती ऊन, पाऊस व चोर यांस अडवितात. भिंत कोसळली तरी माडी कित्येकदां उभी राहते, ती यामुळें. उलट एका तुळईचें टोंक भिंतींत कुजलें, तर बाहेरून कांहींच न दिसतां सबंध खण बसतो.

म्हणून वाड्याचा खरा शत्रु काल नव्हे, पाणी. कौल सरकलें, पन्हळ तुंबली, कीं ओल भिंतीच्या माथ्यांत शिरते. मातीची भिंत ती ओल पावसाळा सरल्यावर हळूहळू बाहेर टाकिते. चुन्याचा गिलावा तिला आड येत नाहीं. परंतु हल्लीं हौसेनें सिमेंट लावितात. मग ओल आंतच कोंडते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात. मेणवलीसारख्या ठिकाणीं भिंतींवर पेशवाई काळचीं चित्रें असल्यानें नुकसान दुप्पट होतें : भिंत पुन्हां बांधतां येईल, चित्र नाहीं. चुना जुन्या रीतीनें मुरवून, ताग घालून, लिंपणारा गवंडी मिळणें कठीण झालें आहे हें खरें. तथापि सिमेंट लावून ‘जीर्णोद्धार’ केल्याचें समाधान मानण्यापेक्षां चार कौलें वेळेवर फिरविलेलीं बरीं.

कायद्याविषयीं लोकांत भीति फार व माहिती थोडी. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें निदान शंभर वर्षांच्या वास्तूचें संरक्षण जाहीर करण्यापूर्वीं दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते व हरकती ऐकाव्या लागतात. महाराष्ट्रानें १९६० मध्यें आपला स्वतंत्र कायदा केला. केंद्रीय कायद्यांत मालकाशीं करार करण्याचीही सोय आहे : देखभाल कोणी करावी, लोकांस केव्हां येऊं द्यावें, विकण्याचें ठरल्यास शासनास कसें कळवावें, हें सारें करारांत येऊं शकतें, मालकी मालकाचीच राहते. मात्र २०१० च्या दुरुस्तीनें राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई, व त्यापुढें दोनशें मीटरपर्यंत परवानगीचें बंधन आलें. नदी व डोंगर यांच्या मध्यें दाटलेल्या गांवांत एवढी जागा म्हणजे अर्धा गांव! शेजाऱ्यांनीं कुरकुर केली तर त्यांस दोष कसा द्यावा?

परंतु कायदा नसतांही आपल्यासारख्यांस कांहीं करतां येतें, व तें न केल्याचा दोष माझ्या पदरीं आहे. माझ्या नोकरीच्या गांवीं सुमारें तीस वर्षांपूर्वीं एक वाडा मोडला. बळदांतून पोथ्यांचें गाठोडें निघालें. मीं तें मागून आणिलें व धन्यता मानिली. त्याच आठवड्यांत एका व्यापाऱ्यानें खांब व महिरपी गाडींत घालून नेल्या. मीं पाहत होतों. पोथ्या हातीं होत्या, म्हणून मला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. पुढें पोथी वाचतां शेवटच्या पानावर लेखकानें लिहिलेलें आढळलें कीं, ग्रंथ दुसऱ्या चौकांतील उत्तर सोप्यांत बसून पुरा केला. तो सोपा किती खणांचा होता, तेथें उजेड कोठून येत असे, बळद त्यास लागून होतें कीं दूर, हें मला सांगतां येत नाहीं. वाड्याच्या जागीं आतां दुकानें आहेत.

संग्राहकांस माझी विनंति एवढीच कीं, दप्तर उचलण्यापूर्वीं त्याची जागा लिहावी : कोणता चौक, कितवा खण, कोनाडा कीं बळद, जमिनीपासून किती हात. आणि सोप्याचा कोरीव खांब विकावयास आल्यास घेऊं नये; कारण गिऱ्हाईक आहे म्हणूनच तो उपटला जातो. मेणवलीस वाडा अद्याप उभा आहे. धन्याची अनुज्ञा घेऊन दोघां-तिघांनीं टेप व कागद घेऊन गेलें, तर सहाही चौकांचा खणवार आराखडा पुढील पावसाळ्यापूर्वीं होऊं शकेल. टेपचें एक टोंक धरावयास मी येईन.