पागेच्या दारावरची पाटी

आम्ही घरची माणसं दुसऱ्यांचे घोडे महिन्याच्या बोलीवर सांभाळतो. घोडा त्यांचा, जागा, चारा आणि खरारा आमचा. काम कष्टाचं आहे, पण घोडा अवघड नसतो. अवघड असतो तो रविवारी कुटुंबासकट येणारा मालक. पैसे तोच देतो, मग त्याला "असं करू नका" म्हणायचं कसं?

सुरुवातीला आम्ही म्हणतच नव्हतो. एका रविवारी पाहुण्यांनी प्रेमानं डबाभर पोळ्या आणि गूळ चारला, तोही दुसऱ्याच्या घोड्याला. संध्याकाळी तो सारखा कुशीकडे वळून बघू लागला, पाय आपटू लागला, लोळू लागला. पोटशूळ! घोड्याला उलटी होत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, म्हणून दिवसभर थोडं थोडं खाणारं हे जनावर. रात्रभर डॉक्टरांसोबत आम्ही जागलो. घोडा वाचला. पण त्याच्या मालकानं विचारलं, "तुम्ही अडवलं का नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग पाटी लावली, आणि तीही चुकली. चौदा ओळी, प्रत्येकीत 'सक्त मनाई'. एक ताई हसून म्हणाल्या, "हे काय पोलीस ठाणं आहे?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, नुसतं नको म्हणू नकोस. का नको ते सांग, आणि त्याऐवजी काय करायचं तेही सांग."

आता चारच ओळी आहेत. खाऊ फाटकाजवळच्या बादलीत ठेवा, आम्ही बेतानं देऊ. घोड्याजवळ बाजूनं आणि बोलत बोलत या. लहान मुलांचा हात धरा. फाटक जसं होतं तसं लावा.

दुसऱ्या ओळीचं कारण मी प्रत्येकाला उभं करून दाखवते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी पाठीमागचं आणि नाकासमोरचं जवळचं दिसत नाही. मागून अचानक कुणी आलं की तो घाबरून लाथ झाडतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं जुनी माणसं म्हणतात. साहेबाचं मला ठाऊक नाही, घोड्याचं मात्र खरं आहे.

पैशाच्या गोष्टी पाटीवर लिहीत नाही. घोडा येतो त्याच दिवशी त्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो. पैसे कोणत्या तारखेला, चारा महागला तर काय, धनुर्वाताची लस कधी दिली होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मालकाचा फोन लागला नाही, तर किती खर्चापर्यंत आम्ही डॉक्टर बोलवायचा. मध्यरात्री घोडा लोळत असताना हे विचारत बसायला वेळ नसतो. तो आधी काय खात होता तेही लिहून घेतो, कारण खुराक एकदम बदलायचा नसतो, आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचा.

कुणी चुकलं तर चारचौघांत बोलत नाही. मूल ऐकत नसेल तर त्याच्या हाती खराऱ्याचा ब्रश देते आणि शेजारी उभी राहते. नियम मात्र सगळ्यांना सारखा. माझा भाचासुद्धा बादलीतच खाऊ टाकतो.

रविवारी ती बादली गाजरांनी भरते. गोल चकत्या घशात अडकू शकतात, म्हणून आम्ही गाजरं लांब चिरतो आणि सगळ्या घोड्यांना थोडी थोडी वाटतो. मालक उभे असतील तर तळहात सपाट ठेवून कसं द्यायचं ते दाखवतो, आणि एक तुकडा त्यांच्या हातानं देऊ देतो.