जुनी बंदूक, नवी दारू

मांजर्लीत आमच्या शेजारी कोकणातलं एक कुटुंब राहतं. गावच्या घरी आजोबांच्या काळातली विलायती दुनळी बंदूक आहे. शेतीच्या संरक्षणासाठी घेतलेली. परवाना आता मुलाच्या नावावर आहे. माझी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली, म्हणून एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, ''काका, जुन्या नळीला नवी काडतुसं झेपतील का? की दारू थोडी कमी घालून घरीच भरू?''

त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

जुन्या बंदुका काळ्या दारूसाठी घडवलेल्या. तिचा धूर फार, पण दाब वाढला म्हणून तिचं जळणं फारसं भडकत नाही. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू तयार केली. ही दारू दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. जुन्या मापाने ही नवी दारू भरली, तर नळी फुटायला एक बार पुरे.

मग कमी दाबाचं काडतूस कसं होतं? अडलेली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. एकाने दणका दिला, दुसऱ्याने खांदा लावून रेटलं. गाडी तेवढीच पुढे गेली, पण दणक्याने लाकूड तडकतं. जलद दारू दणका देते, सावकाश दारू रेटते. म्हणून जुन्या बंदुकीसाठी सावकाश दारू आणि हलके छरे असा मेळ घालतात. पण इथेही मेख आहे. पुढे वजन पुरेसं नसेल, तर सावकाश दारू अर्धवट जळते, छऱ्यामागची चकती नळीत अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटते. म्हणजे दारू कमी केली की धोका कमी झाला, असं नाही. दारू, टोपी, चकती, छरे यांतलं एक बदललं तरी दाब बदलतो. तो मोजायला प्रयोगशाळा लागते, स्वयंपाकघरातला काटा नव्हे.

नळीचंही पाहावं लागतं. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नक्षीदार 'दमास्कस' नळ्या दिसायला देखण्या, पण सांध्यात आतून गंजलेल्या असू शकतात. जुन्या विलायती बंदुकीत काडतुसाची जागा बहुधा ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे तीत सहज बसतं आणि माणूस फसतो. बार होताना ते तोंड अरुंद जागेत उघडतं आणि दाब वाढतो.

शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.

शेजाऱ्यांनी बंदूक परवानाधारक कारागिराकडे नेली. नळीवरचे चाचणीचे शिक्के वाचले, काडतुसाची जागा मोजली. आतून गंजाचे खड्डे निघाले. आता तिच्यातून बार काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आजोबांची आठवण राहिली, आणि नातवाची बोटंही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)