त्र्यंबकचं पाणी मालवणच्या दर्यात

चिमणे, काल दांडीच्या किनाऱ्यावर तू विचारलंस तो प्रश्न मोठी माणसं सहसा विचारत नाहीत. माडाची झावळी हलत नव्हती, होड्यांवरची निशाणं लुळी पडली होती, आणि तरी एकामागून एक लाट अंग फुगवून येत होती, सावकाश, ठरल्या ठोक्याने. वारा नाही, तर ही लाट धाडली कोणी? जाळं शिवत बसलेल्या तांडेलाने मान वर न करताच सांगितलं, "खंयतरी लांब वारो सुटलो असतलो."

अगदी बरोबर सांगितलं त्याने. आता किती लांब, ते ऐका.

हिवाळ्यात अरबस्तानाच्या वाळवंटावरून वायव्येचा कोरडा वारा सुटतो. तिकडचे लोक त्याला शमाल म्हणतात. हा वारा ओमानजवळ समुद्रावर उतरला की पाणी घुसळून काढतो. दोन-तीन दिवसांनी तो थकून पडतो, पण त्याने उठवलेल्या लाटा एव्हाना वाटेला लागलेल्या असतात. मध्ये दीड हजार किलोमीटर उघडा समुद्र. आखूड लाटा वाटेतच विरतात, लांब लाटा पुढे पळतात, आणि इथे मालवणला पोचतात तेव्हा फक्त त्या लांब, संथ लाटाच उरलेल्या असतात. म्हणून त्यांचा ठोका ठरलेला असतो. इथल्याच वाऱ्याने उठलेली लाट बघा, ती आखूड, घाईची, कशीही फुटणारी.

बंड्या, तू लगेच म्हणशील, म्हणजे हे पाणी ओमानचं? नाही रे. लाट येते, पाणी येत नाही. जाळ्याच्या बोयांकडे बघ. लाट खालून गेली की बोया वर चढते, खाली उतरते आणि होती तिथेच राहते. प्रवास करतो तो नुसता जोर. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजमापं घेऊन या शमालच्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात हे २०११ मध्ये दाखवून दिलं. आमच्या तांडेलाला कोणी विचारलंच नव्हतं, हा भाग वेगळा. आणि कधी कधी वायव्येकडून लाटच नव्हे, धूळही येते. २०२२ च्या जानेवारीत मुंबईत भरदिवसा धुरकट झालं, गाड्यांच्या काचांवर पांढुरकी पूड बसली, ती तिकडच्या वाळवंटांतलीच.

आता आपल्या घरचे वारे. ते दोन, आणि दोघांची पाळी बांधलेली. दिवसा जमीन चटकन तापते, समुद्र आळशी, त्याला तापायला वेळ लागतो. एवढी उष्णता पोटात घेऊनही पाण्याचं तापमान जेमतेम चढतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावते. तो खारा वारा, दुपारचा. रात्री उलटं. वाळू गार पडते, तुम्ही अनवाणी चालून बघितलंय, आणि समुद्र मात्र दिवसाची ऊब धरून असतो. मग वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या दांडग्या वाऱ्यापुढे या दोघांचं काही चालत नाही. दिवाळी उलटली, आभाळ निवळलं, रात्री थंड पडायला लागल्या की त्यांचं राज्य सुरू होतं. माझ्या लहानपणी होड्यांना इंजिनं नव्हती. पहाटे मतलईवर शीड सोडायचं आणि आत जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. दर्याने जाण्यायेण्याची सोयच करून ठेवली होती.

मतलईचा आणखी एक गुण. तो किनाऱ्याकडून आत वाहतो, त्यामुळे सकाळी किनाऱ्यालगतचं पाणी दाबून सपाट करतो. रापण लावायची ती त्याच वेळी.

रापण तुम्ही पाहिलीत, पण तेव्हा तुमचं सगळं लक्ष कुत्र्याशी खेळण्यात होतं. पुन्हा येईल तेव्हा नीट बघा. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवून होडी वल्हवत आत जाते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. वर बोया, खाली शिशाची वजनं, मधे जाळ्याची भिंत. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. मागचा माणूस ओढत ओढत पार वाळूवर गेला की दोर सोडून पुढे पळतो आणि पाण्यात उभा राहून पुन्हा धरतो. तास-दोन तास हेच. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, घेर आवळत जातो. मधल्या पिशवीत मासळी आहे की नुसतं शेवाळ, हे शेवटच्या दहा हातांपर्यंत कळत नाही. तरी जुने रापणकार दोराच्या ओढीवरून अंदाज बांधतात, आणि बोलत मात्र नाहीत. बोललं की मासळी जाते म्हणे. यामागे विज्ञान काही नाही, पण मीही गप्प बसतो.

त्या दिवशी पिशवीत बांगडे होते, थोडे पेडवे, तारले आणि दोन-चार खेकडे. मी एक बांगडा तुमच्यासाठी बाजूला काढला होता, आठवतंय? त्याचं कल्ल्यावरचं झाकण उचलून दाखवलं. लालभडक कल्ले तुम्ही लगेच ओळखलेत. त्यांच्या आतल्या बाजूला बारीक, फिकट काड्यांची दाट रांग होती, ती बोटाने चाचपून बघायला लावली. चहाची गाळणी असते ना, तेच काम. बांगडा तोंड वासून पोहतो, पाणी तोंडातून आत येतं, कल्ल्यांतून बाहेर जातं, आणि पाण्यातले बारीक जीव त्या काड्यांत अडकून राहतात. या तरंगत्या जीवांना प्लवक म्हणतात. काही वनस्पती, काही प्राणी, बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. तुमच्या ताटातल्या बांगड्याला जी तेलकट चव आहे ती या प्लवकाची कमाई.

मग खरा प्रश्न असा की एवढं प्लवक आलं कुठून? आणि पावसाळ्यानंतर जी मासळी किनाऱ्यापासून दूर गेली होती ती हिवाळ्यात जवळ का येते? इथे गोष्ट जरा लांबची आहे. मांडी घालून बसा.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, केरळच्या दिशेने वाहतो. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे तो वरचं पाणी किनाऱ्यापासून आत ढकलतो, आणि त्याची जागा भरायला खोलातलं थंड पाणी वर सरकतं. केरळकडे हे जोरात होतं, आपल्याकडे त्यामानाने कमी. हे खोलातलं पाणी म्हणजे खत. वर्षानुवर्षं तळाकडे गेलेलं सगळं त्यात विरघळलेलं. उजेडात आलं की प्लवक माजतं. पण त्या पाण्यात एक खोट आहे. त्यात प्राणवायू फार कमी असतो. वरून नद्यांनी ओतलेलं गोडं, हलकं पाणी झाकण घालून बसलेलं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. त्यात माजलेलं प्लवक मरून खाली पडतं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो, इतका की पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. अशा ठिकाणी तळाची मासळी राहील कशाला? ती वाट फुटेल तिकडे निघून जाते.

आणि मग नोव्हेंबरच्या सुमाराला प्रवाह उलटा फिरतो.

हो, अख्खाच्या अख्खा. जो दक्षिणेकडे वाहत होता तो उत्तरेकडे वाहू लागतो. आता पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी किनाऱ्याकडे दाबलं जातं, वरचं उबदार, मोकळ्या हवेतलं पाणी खाली उतरतं आणि ते गुदमरलेलं पाणी उतारावरून खोलात परत जातं. तळ पुन्हा श्वास घेऊ लागतो. मुडदुशे, कोळंबी, खेकडे किनाऱ्याच्या वाळूत परततात.

पण हे उत्तरेकडे येणारं पाणी आहे कुठलं? ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

त्र्यंबकेश्वरला तुम्ही गेला आहात. ब्रह्मगिरीवर उभं राहिलं तर अरबी समुद्र साधारण ऐंशी किलोमीटरवर. तिथे जो पाऊस पडतो त्यातला डोंगराच्या पश्चिमेला पडलेला एक-दोन दिवसांत कोकणात उतरून समुद्राला मिळतो. पूर्वेला हातभर पलीकडे पडला तो गोदावरीत जातो. आणि मग १४६५ किलोमीटर चालतो. नाशिक, पैठण, नांदेड, पुढे तेलंगण, आंध्र, आणि शेवटी बंगालचा उपसागर. महाबळेश्वरच्या कृष्णेचीही तीच कथा, तिची वाट चौदाशे किलोमीटरची. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती या तर याहून कितीतरी जास्त पाणी ओततात. त्यामुळे पावसाळा संपता संपता बंगालच्या उपसागराचा वरचा थर बराच कमी खारट झालेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो. हे कमी खारट पाणी तो आंध्र, तमिळनाडूवरून खाली नेतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि अरबी समुद्रात शिरतो. तिथून हिवाळी प्रवाह त्याला केरळ, कर्नाटक करत उत्तरेला घेऊन येतो. वाटेत ते खाऱ्या पाण्यात मिसळत जातं. केरळपुढे त्याचा कमी खारटपणा उपकरणांना स्पष्ट दिसतो, उत्तरेला यावं तसा पुसट होत जातो. म्हणजे गोदावरीचा थेंब सापडला असं बोट ठेवून मी तुम्हाला दाखवू शकणार नाही. तरी ब्रह्मगिरीवरून पाठ फिरवून गेलेलं पाणी अख्ख्या दक्षिण भारताला प्रदक्षिणा घालून आपल्याच बाजूच्या समुद्रात येतं, हे काही थोडं नाही. पुराणातल्या कुठल्याही गंगावतरणापेक्षा मला ही गोष्ट जास्त अद्भुत वाटते. आजीला सांगू नका.

पावसाळ्यातला गढूळपणा बसला की पाणी निवळशंख होतं. पर्यटकांना त्याचं कौतुक, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मुंडकी पाण्यात घालून प्रवाळ बघतात. मच्छीमाराला मात्र हा तोटाच. निवळ पाण्यात माशाला जाळं दिसतं. म्हणून हिवाळ्यात जाळी टाकायला काळोख्या रात्री आणि पहाटेचा अंधार धरतात. पण काळोखातही एक पंचाईत असते. काही रात्री पाणी हात लावताच निळं पेटतं. हे नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवांचं काम, एकेक जीव फार तर मोहरीएवढा, बहुधा त्याहूनही लहान. धक्का बसला की त्याच्या पेशीत दोन रसायनं एकत्र येतात आणि प्रकाश पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोकणापासून कर्नाटकापर्यंत किनाऱ्यांवर लोक हे बघायला रात्री-अपरात्री लोटले होते. जाळं अशा पाण्यात उतरलं की त्याचा धागा न् धागा उजळतो आणि मासळी लांबूनच वळते. उलट थवा स्वतः पोहताना उजळतो, तो होडीवरून दिसतो. कधी मासळीचा फायदा, कधी आपला.

दिवसा थवा शोधायला कुरव पक्ष्यांकडे बघायचं. लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी अंडी घालणारे तपकिरी डोक्याचे कुरव थंडीत आपल्याकडे येतात. ते एका जागी घिरट्या घालून डुबकी मारायला लागले की खाली काहीतरी आहेच.

आता शेवटचं, आणि हे तुम्ही पाठ करायचं. भरतीची वेळ. कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे पडते, त्यातून हा हिशेब निघाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, कारण किनारा बदलला की वेळ थोडी बदलते. पाणी चढतं किती तेही बदलतं. इथे उधाणाला दोन-सव्वादोन मीटर, मुंबईला त्याच्या दुप्पट, आणि खंभातच्या आखातात दहा मीटरच्या आसपास, कारण तिकडे समुद्र उथळ आणि मुख निमुळतं होत जातं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फार हटत नाही, वाळू थोडीच उघडी पडते, तेव्हा तिसरे काढायला जाण्यात अर्थ नाही.

या पौर्णिमेला दत्तजयंती आहे, त्यामुळे आजी घरात तिसरे येऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. कोळंबच्या खाडीत पाणी चांगलंच हटलेलं असेल. भरतीपासून ओहोटी पुरती लागायला सहा तास बारा मिनिटं लागतात. एकाची पाऊणपट काढा, त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवा, आणि सकाळी किती वाजता उठायचं ते मला येऊन सांगा. बंड्या, तू पाऊणपट बोटांवर मोजू नकोस.