त्वचेच्या वाटेनें औषध

सातपुड्याच्या पायथ्याशीं, नंदुरबार जिल्ह्यांत, शहाद्यास पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचें औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय आहे. आपल्या देशांतील अशा विद्यालयांतून अलीकडे ज्या विषयावर पुष्कळ प्रयोग होतात, त्याचा घरांतील वडील माणसांच्या सुखाशीं निकटचा संबंध आहे.

सांधेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या गोळ्या घरोघर घेतल्या जातात. शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें उत्पन्न होऊन सूज व वेदना वाढतात. ॲस्पिरिनसारखीं औषधें ही उत्पत्ति रोखतात, असें जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखवून दिलें. परंतु तींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षणहि करीत असतात. त्यामुळें गुडघ्यास उतार पडतो, आणि कित्येकांच्या पोटांत व्रण होतो!

मग औषध दुखऱ्या जागींच कां लावूं नये? अडचण त्वचेची आहे. तिचा अगदीं बाहेरचा थर बहुतेक ठिकाणीं केसाहूनहि पातळ; तरी मृत पेशी व स्निग्ध द्रव्यें यांची ती विटाचुन्याची भिंतच होय.

ही भिंत ओलांडण्यास ‘मायक्रोइमल्शन’ उपयोगी पडतें. दुधांतील स्निग्ध कण मोठे, म्हणून तें पांढरें दिसतें आणि ठेवलें असतां स्निग्धांश वर येतो. तेल, पाणी व त्यांचें सख्य जमविणारीं साबणासारखीं द्रव्यें योग्य प्रमाणांत मिळालीं, तर थेंब मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनहि लहान होतात. द्रव पारदर्शक राहतो, फारसें घुसळावेंहि लागत नाहीं. होर व शुल्मन यांनीं अशा मिश्रणाचें वर्णन १९४३ सालीं केलें. त्यांत औषध अधिक विरघळतें, आणि साबणासारखीं द्रव्यें त्वचेंतील स्निग्ध थर थोडा सैल करितात.

परीक्षेसाठीं काचेच्या दोन कप्प्यांमध्यें त्वचेचा तुकडा बसवून, ३२ अंश उष्णतेवर, खालीं किती औषध उतरलें तें ठराविक वेळानें मोजतात. पण भिंत सैल करणारें द्रव्यच त्वचेस दाहकहि होऊं शकतें. शिवाय काचपात्रांत उतरलेलें औषध म्हणजे माणसाच्या गुडघ्यास पडलेला आराम नव्हे. तो रुग्णांवरच पाहावा लागतो.

तोंवर एवढें ध्यानांत असावें: मलम हेंहि औषधच आहे. तें जखमेवर लावूं नये, आणि गोळीच्या जोडीस घेण्यापूर्वीं वैद्यांस विचारावें. आजींनीं पोट न बिघडवितां जिना चढावा, हीच या सर्व खटाटोपाची कसोटी.