ईश्वराची देशकालातीतता

ईश्वर हा देश (अवकाश) व काल यांच्या मर्यादेबाहेर आहे, या ईश्वरमीमांसेतील मतास ही संज्ञा लावतात. तीत दोन भिन्न कल्पना एकत्र आल्या आहेत. ईश्वराला आदी व अंत नाही, तो प्रत्येक काळी असतो, ही एक. त्याच्या अस्तित्वाला ‘आधी’, ‘आता’, ‘नंतर’ हे शब्दच लागू पडत नाहीत, ही दुसरी. पहिलीस सर्वकालिकता व दुसरीस अकालिकता म्हणता येईल. ‘नित्य’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घेता येत असल्याने पुष्कळसा वाद या द्व्यर्थतेतून उद्‌भवलेला आहे.

देशाबाबत फारशी अडचण येत नाही. संख्येची लांबी-रुंदी विचारणे निरर्थक असते. तद्वत अशरीरी ईश्वर कोठे आहे, हा प्रश्नही गैरलागू ठरविता येतो. कालाचे तसे नाही. कारण निर्माण करणे, प्रार्थना ऐकणे, क्षमा करणे या क्रियांत पूर्वापर क्रम गृहीत असतो.

विश्व निर्माण करण्यापूर्वी ईश्वर काय करीत होता, या प्रश्नाला सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी असे उत्तर दिले, की कालही निर्मितीचाच भाग असल्यामुळे ‘पूर्वी’ असे काही नव्हतेच. या विचाराला निश्चित रूप दिले ते बोईथिअस (सु. ४८०–५२४) याने. मृत्युदंडाच्या छायेत बंदिवासात असताना लिहिलेल्या ग्रंथात त्याने पुढील पेच मांडला : माणसाची उद्याची कृती ईश्वराला आजच ज्ञात असेल, तर ती टाळणे माणसाच्या हाती राहत नाही, मग तिची जबाबदारी त्याच्यावर कशी? बोईथिअसच्या मते ईश्वर भविष्य ‘आधी’ जाणत नाही. अनंत जीवन त्याला एकवट, समग्र लाभलेले असून सर्व काळ त्याच्यापुढे वर्तमानासारखा असतो. चालणाऱ्या माणसाला कोणी पाहिले, म्हणून त्याचे चालणे सक्तीचे होत नाही. टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) यांनी उंचावरून संपूर्ण वाट एकाच दृष्टिक्षेपात पाहणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे.

हा उपाय समर्पक वाटला, तरी त्याची किंमत मोठी आहे. ‘परीक्षा आता संपली’ हे ज्ञान ‘आता’ या क्षणाशी निगडित असते; अकालिक ईश्वराला ते कसे व्हावे, असा आक्षेप आर्थर प्रायर यांनी १९६२ मध्ये घेतला. अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये आणखी एक विसंगती दाखविली : प्रत्येक घटना अनंतत्वाशी समकालीन असेल, तर नीरोच्या काळी रोम जळणे व आजचे लेखन हेही परस्परांशी समकालीन ठरतील. एलिनोर स्टंप व नॉर्मन क्रेट्‌झमन यांनी १९८१ मध्ये काल व अनंतत्व यांच्यात निराळ्या प्रकारची समकालीनता कल्पून हा आक्षेप परतविला. तथापि त्या नात्याचे स्वरूप त्यामुळे उलगडते, असे म्हणणे कठीण आहे. निकोलस वॉल्टरस्टॉर्फ यांनी १९७५ मध्ये सरळ सर्वकालिकता पत्करली. इतिहासात कृती करणारा बायबलमधील ईश्वर अकालिक असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. भक्ताच्या दृष्टीने प्रश्न येथेच जिव्हाळ्याचा होतो. अकालिक ईश्वर प्रार्थनेला प्रतिसाद देतो म्हणजे, ज्यात कधीच बदल होत नाही, असा त्याचा संकल्प तिच्याशी जुळलेला असतो, एवढेच म्हणता येते.

न्यूटनने प्रिन्सिपिआच्या १७१३ च्या आवृत्तीत ईश्वर सदैव व सर्वत्र असण्यानेच काल व अवकाश सिद्ध होतात, असे प्रतिपादिले. याउलट लायप्‌निट्सच्या मते ते वस्तूंमधील संबंधांचे क्रम होत; वस्तूच नसतील, तर तेही नाहीत.

भारतीय दर्शनांत प्रश्नाची मांडणी वेगळी आहे. वैशेषिकांच्या मते दिक् व काल ही स्वतंत्र, नित्य व विभू द्रव्ये होत. पण काल हे उत्पन्न होणाऱ्या वस्तूंचे कारण असल्याने नित्य पदार्थांना त्याची मर्यादा पडत नाही. योगसूत्रांतील ईश्वर कालाने मर्यादित नसल्यामुळेच पूर्वीच्या गुरूंचाही गुरू ठरतो. अद्वैत वेदान्तात देश, काल व वस्तू या तिन्ही परिच्छेदांपासून मुक्त असते ते ब्रह्म. सृष्टी करणारा ईश्वर मात्र मायोपाधिक असून सृष्टीशी असलेले त्याचे नाते व्यावहारिक पातळीवरचे आहे. येथे पेच सुटतो, परंतु कर्तृत्व परमार्थतः सत्य नाही, हे मान्य केल्यावरच.

विसाव्या शतकातील विश्वोत्पत्तिशास्त्रामुळे कालाच्या प्रारंभाची चर्चा पुन्हा सुरू झाली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या सिद्धांतांत निर्मितीला पुष्टी मिळत असल्याचे सुचविले. त्या सिद्धांतांचे एक जनक व स्वतः धर्मगुरू असलेले झॉर्झ लमेत्र यांना मात्र ही सांगड मान्य नव्हती. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांबाबत तटस्थ आहे, अशी त्यांची भूमिका होती.